दोन भावांच्या बांधावरचा खिळा

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी "जमीन मोजत होतो" असं सांगायचो आणि तिथंच फसायचो. आमच्या मराठवाड्यात जमीन मोजणारा म्हणजे मोजणीदार. तो येतो, खुणा रोवतो, दोन्हीकडचा चहा पितो आणि जाताना दोघांनाही नाराज करून जातो. त्यामुळे लग्नाच्या मांडवात माझी ओळख झाली की समोरचा माणूस हात धरून मला कडेला न्यायचा आणि हळूच म्हणायचा, "आमच्या गटाचं जरा बघता का?" मी म्हणायचो, "अहो, मी गट मोजत नाही, मी सगळा देश मोजतो." मग तो हात सोडून द्यायचा. वेड्याशी बोलण्यापेक्षा जेवायला बसलेलं बरं, असा त्याचा चेहरा व्हायचा.

पण खोटं बोलत नव्हतो. मी भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तांत्रिक कामावर होतो. उघड्या खडकात भोक पाडायचं, त्यात स्टीलचा जाड खिळा पक्का बसवायचा, त्यावर तिपाई लावून ताटाएवढा अँटेना ठेवायचा आणि तीन दिवस-रात्र त्याला आकाशातल्या उपग्रहांचं ऐकत ठेवायचं. त्यावरून तो खिळा पृथ्वीवर नेमका कुठं आहे ते काही मिलिमीटरच्या फरकानं कळतं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत जायचं, त्याच खिळ्यावर तेच करायचं. दोन्हीतला फरक म्हणजे खिळा वर्षात किती सरकला ते. खिळा खडकाला धरून असतो, म्हणजे खिळा सरकला याचा अर्थ खडक सरकला. आयुष्यभर मी एवढंच केलं. बायको म्हणायची, "देश किती सरकला ते सांगता, घरातलं कपाट सरकवा म्हटलं की कंबर दुखते."

देश सरकतो हे खरं आहे. दरसाल चार-पाच सेंटीमीटर, साधारण ईशान्येकडं. खेड्यात मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोक दचकतील असं वाटलं होतं. कुणी दचकलं नाही. एक म्हातारे तंबाखू मळत म्हणाले, "असंल. एका जाग्याला कोन थांबलंय?"

लोकांना समजावून सांगायला मी एक जुनी गोष्ट वापरायचो. पूर्वी मळणीला खळ्यावर मधोमध तिवडा, म्हणजे लाकडी खांब रोवायचे आणि त्याभोवती बैलांची पात फिरवायचे. सगळे बैल एका दाव्यात. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, कडेच्या बैलाला पार मोठा फेरा पडतो. प्रत्येकाची चाल वेगळी, पण दोन बैलांमधलं अंतर तेवढंच राहतं, कारण दावं एक आहे. आपली जमीनही सरळ रेषेत जात नाही, अशीच कुठल्यातरी लांबच्या तिवड्याभोवती गोल फिरत जाते. म्हणून नांदेडची चाल आणि लातूरची चाल यात केसाएवढा फरक पडतो. तो फरक हिशेबातला आहे, त्याला भ्यायचं कारण नाही.

भ्यायचं केव्हा, तर एखादा बैल मागं रेंगाळला की. मग दावं ताणतं. जमिनीत जुन्या मोठ्या भेगा असतात. भेगेच्या एका अंगाची जमीन पुढं निघते, दुसऱ्या अंगाची अडून बसते आणि मधला खडक वाकायला लागतो. ऊस गुडघ्यावर धरून वाकवला तर तो वाकतो, अजून वाकतो, आणि मग काडकन मोडतो. ते मोडणं म्हणजे भूकंप. हिमालयाच्या पायथ्याला हे फार मोठ्या मापात चालतं. आपल्याकडं इतकं सावकाश, की दख्खनचं पठार म्हणजे घरातला पाटा, तो कशाला हलतोय, अशी शहाण्यासुरत्यांचीही समजूत होती. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या त्या पहाटेनं ती मोडली. आमच्या भागात त्यानंतर कुणी पाट्याचं नाव काढलं नाही.

लातूर जिल्ह्यातलं आमचं काम त्या पहाटेनंतरचं. शिरूर अनंतपाळ आणि चाकूर यांच्या मधून जमिनीखाली अशी एक जुनी भेग जात असावी, असा आमच्या मॅडमना संशय होता. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. हुशार बाई, बोलायला तुटक. कौतुक करायचं झालं तर "ठीक" म्हणायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. भेगेच्या अलीकडं एक खिळा, पलीकडं एक खिळा. दोघांची चाल जुळली तर काळजी नाही. एक मागं पडत असेल तर दावं ताणतंय. फक्त हे कळायला खूप वर्षं लागतात, कारण वर्षाचा फरक असलाच तर मिलिमीटरच्याही आत असतो. म्हणून खिळा जाग्यावर टिकणं हे सगळ्यात महत्त्वाचं. खिळा गेला की मागची सगळी वर्षं पाण्यात.

आणि खिळे टिकत नाहीत. रस्ता रुंद झाला की खिळा गेला. कुणी त्याला म्हैस बांधतं, कुणाला त्यात चांगलं स्टील दिसतं. जळकोटकडं एकदा एका हवालदारानं अँटेनाकडं लांबून बघत मला विचारलं, "फुटतं का हे?" मी म्हटलं, फुटत नाही. तो म्हणाला, "मग तुमी जवळ जाऊन बसा, मी हितनं बघतो." दिवसभर तो लिंबाच्या झाडाखालून बघत राहिला. माझ्या कामाला इतका चांगला पहारा पुन्हा मिळाला नाही. देगलूरकडचे एक शेतकरी सगळं समजून घेऊन म्हणाले, "इतकं बारीक मोजता, मग पानी कुठं लागंल तेवढं सांगा की." मी म्हटलं, पाण्याचं माझ्याकडं नाही. ते उठले. "मग हे कामून करायलाव तुमी?"

तर शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावात मी खिळ्यासाठी जागा शोधत हिंडत होतो. सगळीकडं काळी माती. काळी माती शेतकऱ्याला सोनं, पण आम्हाला कुचकामी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात खिळा म्हणजे पाळण्यात पोर. उघडा खडक काही मिळेना. शेवटी एका बांधावर पाठीसारखा वर आलेला काळा दगड दिसला, अर्धा या शेतात, अर्धा त्या शेतात. त्यावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. त्यांना अख्खं गाव अव्वा, म्हणजे आई म्हणायचं. मीही पहिल्या दिवसापासून अव्वाच म्हणू लागलो.

मी माझं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी शेंगा सोलत सोलत ऐकून घेतलं.

"ठोका," त्या म्हणाल्या. "पर ह्या बांधाला दोन मालक हायत. माझेच लेकरं. दोघाला इचारा, आन् येगयेगळं इचारा."

थोरला बसप्पा, धाकटा रेवणप्पा. वाटण्या झाल्यापासून बांधावरून बोलणं बंद. बांध कोरणं हा आमच्या भागातला जुना छंद आहे. नांगर धरताना तास थोडं बांधाकडं सरकवायचं, दरसाल बोटभर. बांध बिचारा दोन्हीकडून बारीक होत जातो. बसप्पा म्हणायचे रेवण कोरतो, रेवणप्पा म्हणायचे अप्पा कोरतो. माझ्या अंदाजानं दोघंही कोरत होते.

मी दोघांना वेगवेगळं भेटलो आणि सांगितलं, एकदा खिळा बसला की त्या दगडाला कुणी हात लावायचा नाही. बसप्पांनी विचारलं, "कुनी म्हंजे, रेवणनं बी न्हाई?" मी म्हटलं, रेवणप्पांनीही नाही. रेवणप्पांनी विचारलं, "अप्पानं बी न्हाई?" मी म्हटलं, त्यांनीही नाही. दोघांनी इतक्या खुशीत होकार दिला, की मला वाटलं यांना खिळा मीच आंदण देतोय. मी ऑफिसला फोन करून सांगितलं, "मॅडम, या खिळ्याला कायमचा बंदोबस्त आहे. दोन भावांचं भांडण आहे."

मॅडम म्हणाल्या, "ठीक."

आणि खरंच तसं झालं. बाकीचे खिळे हरवले, मोडले, हा मात्र दरसाल लखलखीत. बसप्पा रोज येऊन बघायचे रेवणनं हात लावला का, रेवणप्पा बघायचे अप्पानं लावला का. गावानं माझं नाव खिळेवाले साहेब ठेवलं. पलीकडचा चाकूरकडचा खिळाही एका देवळामागच्या खडकात नीट होता. माझी जोडी जमली होती.

जमीन पावसात आणि उन्हात थोडी वरखाली होते, म्हणून मोजणी दरसाल एकाच हंगामात करावी लागते. माझा हंगाम यायचा मार्गशीर्षात, आणि त्यातच यायची येळवस. लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा, मग जेवण. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, धपाटे. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवू घालतात. जेवल्याशिवाय कुणी सुटत नाही.

माझी तिपाई बांधावर आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन कोपी. इकडून बसप्पा हाक मारणार, तिकडून रेवणप्पा. पहिल्या वर्षी मी बसप्पांकडं पोटभर जेवलो आणि मग रेवणप्पांच्या कोपीत नुसती खीर घेतली. रेवणप्पांनी खिळ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा ती चूक केली नाही. दुसऱ्या वर्षापासून इकडं अर्धं, तिकडं अर्धं. अव्वाही तसंच करायच्या. इकडं दोन घास खाऊन पदर सावरत बांध ओलांडायच्या आणि तिकडं बसायच्या.

एकदा मशीनजवळ माझ्याशेजारी बसून त्या म्हणाल्या, "साहेब, एक कोप व्हावी एवढंच हाय माझं. दोन्हीकडं अर्धं अर्धं खाऊन पोट भरत न्हाई."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर मनात दुसरंही आलं. एक कोप झाली तर माझ्या खिळ्याकडं कोण बघणार? मी तोंडानं म्हटलं, "होईल अव्वा," आणि ते इतक्यात होऊ नये असं मला वाटत होतं.

मग बसप्पांचं ते प्रकरण झालं. एका वर्षी रेवणप्पांनी सरकारी मोजणी आणली. मोजणीत निघालं, की बांध बसप्पांच्या बाजूनं कोरला गेलाय. गावातल्या चार जाणत्यांपुढं बसप्पांना बोलावलं. बसप्पा शांत उभे राहिले आणि म्हणाले, "मी कोरला न्हाई. बांध सरकला."

"कसा सरकला?"

"जमीन दरसाल चार-पाच सेंटीमीटर सरकायली. सरकारनंच सांगितलंय. खिळेवाल्या साहेबाला इचारा. ईशान्येला सरकायली, आन् ईशान्येला रेवणचं रान हाय. त्याला मी काय करू?"

रेवणप्पा म्हणाले, "मंग तुजं घर बी सरकलं असंल. कुनाच्या वाड्यात गेलं बघ."

माझी मोजणी चालूच होती, म्हणून मला बोलावणं आलं. साक्षीदार म्हणून उभं राहण्याचा आयुष्यातला तो एकच प्रसंग. समोर सगळं गाव, बसप्पा माझ्याकडं आशेनं बघतायत, रेवणप्पा दात ओठ खातायत, अव्वा खांबाला टेकून बसलेल्या. मी खळ्यावरच्या पातीची गोष्ट काढली. म्हटलं, बसप्पा, तुमचं रान म्हणजे एक बैल, रेवणप्पांचं रान म्हणजे दुसरा. दोघं एका दाव्यात आहेत. तुमचं रान जेवढं पुढं जातं तेवढंच त्यांचंही जातं. मधलं अंतर कमी होत नाही. बांधही सोबतच जातो. तो तुमच्याकडून त्यांच्याकडं कसा सरकेल?

लोक हसले. बसप्पा खाली बघत राहिले. तेवढ्यात अव्वांनी विचारलं, "म्हंजे दोन्ही अंगाची जमीन संगंच चालती?"

"संगंच, अव्वा."

"कदी येगळी व्हत न्हाई?"

"तुमच्या बांधापाशी तरी नाही. भेग असली तर ती पार लांब, चाकूरच्या वाटेला."

अव्वांनी मान हलवली. ते बोलणं त्यांनी गाठीला बांधून ठेवलं, हे मला फार उशिरा कळलं.

बसप्पांनी बांध पहिल्यासारखा करून दिला, पण त्यानंतर माझ्याशीही बोलणं टाकलं. पुढच्या येळवशीला त्यांच्या कोपीतून हाक आली नाही. मी रेवणप्पांकडं जेवलो, सवयीनं अर्धंच, आणि उपाशी राहिलो.

वर्षं गेली. दोन्ही खिळ्यांच्या आकड्यांत एक बारीकसा कल दिसायला लागला. अलीकडचा खिळा किंचित मागं पडतोय असं वाटत होतं, पण खात्रीनं सांगता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, अजून एक वाचन हवं, म्हणजे अजून एका वर्षाची मोजणी. त्यानंतर कल खरा की नुसता भास, ते ठरेल. ते वाचन माझ्या नोकरीतलं शेवटचं असणार होतं. मला निवृत्तीची फार हौस नव्हती, पण एवढं उत्तर घेऊन घरी जायचं, हे मी मनाशी धरलं होतं. बाकीच्यांना निरोपाला घड्याळ मिळतं, मला तो आकडा हवा होता.

त्यात फाल्गुनात दुपारी जमिनीखालून गडगडल्यासारखा आवाज झाला आणि एक हलका धक्का बसला. कुणाचं काही नुकसान झालं नाही. इतक्या लहान धक्क्यानं खिळा दिसण्याइतका हलत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मॅडमचा फोन आला, "ताबडतोब वाचन घ्या." आमच्याकडं ताबडतोब म्हणजे आधी मंजुरी, मग गाडी, मग मशीन. मशीन दुसऱ्या पथकाबरोबर पहाडात गेलेलं. ते येईपर्यंत पावसाळा उलटला. मधे रेवणप्पांचा फोन आला होता, "साहेब, यंदा येळवशीला नक्की या." मी म्हटलं, न येऊन सांगतो कुणाला.

आधी चाकूरकडचा खिळा मोजला. झकास होता. मग येळवशीच्या दिवशी सकाळीच शिरूर अनंतपाळची वाट धरली. गाडी नेहमीच्या जागी लावली, तिपाई खांद्यावर घेतली आणि चालू लागलो. ज्वारी छातीला लागत होती. चालतोय, चालतोय, बांध काही येईना. मला वाटलं, वाट चुकलो. हातातल्या लहान मशीनवर जागा टाकली. मशीन म्हणालं, इथंच. मी खाली पाहिलं. पायाखाली भुसभुशीत काळी माती आणि चहूकडं एकसारखी ज्वारी. बांध नव्हता, दगड नव्हता, खिळा नव्हता. मी तिथंच तिपाई टेकवून उभा राहिलो. मनात पहिला विचार आला तो वेड्यासारखा, की जमीन खरंच सरकली.

ज्वारीतून बसप्पा आले. इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "साहेब, चला. समदे वाट बघायलेत." त्यांच्या मागं रेवणप्पा. दोघं एकाच वाटेनं, एकामागं एक.

शेताच्या मध्यावर एक कोप होती, पूर्वीच्या दोन्हींपेक्षा मोठी. मला बसवलं. रेवणप्पांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, बसप्पांनी डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. आणि मग एका कोऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. ते जड होतं. उघडलं तर माझा खिळा, दगडाच्या तुकड्यासकट, घासून पुसून चकचकीत केलेला.

"बांध काढला उन्हाळ्यात," बसप्पा म्हणाले. "जेसीबीवाल्याला म्हनलं, दगड फोड, पर साहेबाच्या खिळ्याला ओरखडा आला तर पैसे देनार न्हाई."

"लई जपून काढलाय," रेवणप्पा म्हणाले. "तुमच्यामुळंच झालं समदं, म्हनून सत्कार."

मला राग आला. इतका, की टोपी काढून खाली ठेवली. मी म्हटलं, "अरे, हे काय करून बसलात? हा हलवायचा नव्हता. इतकी वर्षं याच एका गोष्टीसाठी येत होतो मी. एक वाचन राहिलं होतं. एकच." आवाज चढला होता. दोघा भावांचे चेहरे उतरले. बसप्पा खिळ्याकडं असे बघायला लागले, जणू तो पुन्हा जाग्यावर बसेल.

अव्वा आंबिलीच्या मडक्यामागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांला बोलू नका साहेब. मी काढाया लावलं."

मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी जमीन गडगडली तेव्हा त्या नेहमीसारख्या दगडावर बसल्या होत्या. इकडून बसप्पा पळत आले, तिकडून रेवणप्पा. एकानं हा दंड धरला, दुसऱ्यानं तो. थोरला म्हणतो अव्वा माझ्या रानात चल, धाकटा म्हणतो माझ्या रानात चल. जमीन हलायली आणि हे दोघं आईला दोन्हीकडून ओढायले.

"मी म्हनलं, भूकंपानं न्हाई मरत मी, तुमीच फाडता मला. बसा खाली. दोघं बी बसा. साहेबानं काय सांगितलंय, दोन्ही अंगाची जमीन संगंच चालती. मरायचं तर संगंच मरताल, मग कोनत्या रानात नेता मला?" अव्वांनी आंबिलीचा वाडगा माझ्यापुढं सरकवला. "दिवस मावळंपर्यंत उठू दिलं न्हाई त्यांला. खिळ्यापाशी बसले दोघं. आधी गप, मंग हळूहळू बोलले. बांध ऱ्हायला असता तर पुन्ना सुरू झाले असते. म्हनून काढाया लावला."

साक्ष माझीच होती.

बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. म्हटलं, खिळा गेला. त्यांनी विचारलं, कसा गेला? रस्ता, चोरी, खाण, पूर, ही सगळी कारणं आमच्याकडं आधी घडून गेलेली होती. मी म्हटलं, "मॅडम, दोघं भाऊ एक झाले."

मॅडम म्हणाल्या, "आई आहे का त्यांची?"

"आहे. समोर बसलीय."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून "ठीक"च्या पलीकडचा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. मग म्हणाल्या, "नवीन बसवा. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे शून्यापासून. नव्या खिळ्याच्या नुसत्या पहिल्या वाचनाला काही अर्थ नसतो, आणि दुसरं वाचन घ्यायला मी नोकरीत नसणार होतो. मी कोपीत परत आलो. दोघं भाऊ उभेच होते. मी विचारलं, खडक अजून कुठं उघडा आहे? बसप्पा म्हणाले, विहिरीच्या काठाला. मी म्हटलं, तिथं गुरं येणार, माणसं येणार, मोटार दुरुस्त करणारे येणार, तिथं त्याची राखण कोण करणार?

अव्वा म्हणाल्या, "आता तुमच्या खिळ्याच्या राखणीला भांडण कुठून आनू, साहेब?"

आधी रेवणप्पा हसले, मग बसप्पा, मग मी. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं जास्त ते मोजायचं मशीन माझ्याकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठच्या खडकात नवा खिळा बसवला. भोक पाडताना ड्रिल बसप्पांनी धरली, पाणी रेवणप्पांनी ओतलं. मी पहिलं वाचन घेतलं आणि काही महिन्यांनी निवृत्त झालो. तो कल खरा होता की भास, हे मला आता कळायचं नाही. ज्याला कळेल तो कदाचित अजून शाळेत असेल. याची खंत आहे, आणि ती आहे असंच मी सांगतो. जुना खिळा नांदेडला घरी आहे, त्या न सरकलेल्या कपाटावर. बायको त्याच्यावरची धूळ पुसते आणि म्हणते, एवढ्याशा लोखंडासाठी एवढं?

येळवशीला मी अजून जातो. मशीन नसतं, तिपाई नसते. आता नवी मुलं मोजायला येतात, त्यांनाही अव्वा हाक मारतात. मी कोपीत बसतो, एका बाजूला बसप्पा, दुसऱ्या बाजूला रेवणप्पा. अव्वा भज्जी वाढतात. अर्धं ठेवायचं नसतं, दुसरीकडं कुठं जायचं नसतं. पोटभर जेवतो.